लिनक्सवर ब्लूटूथ हेडफोन: न होणारी जोडणी, तुटणारा आवाज आणि माइकचा घोळ

जुना लॅपटॉप, त्यावर नव्याने टाकलेलं लिनक्स मिंट किंवा उबंटू, आणि हजाराच्या आतला ब्लूटूथ हेडफोन. ही जोडी आता गावोगावी दिसू लागली आहे, कारण विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. ज्याचा लॅपटॉप २०१४-१५ चा आहे त्याने काय करायचं? डहाणू किंवा तलासरीतल्या कॉलेजच्या मुलाला नवा लॅपटॉप घेणं परवडत नसेल, तर लिनक्स हा खरोखर चांगला मार्ग आहे. वाय-फाय चालतं, प्रिंटरही बहुतेकदा चालतो. अडतं ते हेडफोनपाशी. आणि नेमकं ऑनलाइन लेक्चर किंवा मुलाखत सुरू झाल्यावर अडतं.

या लेखात लक्षणानुसार उपाय दिले आहेत. तुमचं लक्षण ज्या भागात असेल तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल, फक्त "चार थर" हा भाग आधी नजरेखालून घाला.

कमांडबद्दल एक खुलासा. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, जशा आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशा. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. "सीटीएल" म्हटलं की सी, टी, एल ही तीन अक्षरं मागच्या शब्दाला चिकटून, मध्ये जागा न सोडता.

चार थर

हेडफोनमध्ये आवाज यायला लिनक्समध्ये चार गोष्टी एकापाठोपाठ नीट चालाव्या लागतात.

सगळ्यात खाली ब्लूटूथची चिप. लॅपटॉपमध्ये ती बहुधा वाय-फायच्याच कार्डावर असते. दुसरा थर म्हणजे कर्नलमधला ड्रायव्हर आणि त्याच्यासोबत लागणारं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये दर वेळी भरावा लागणारा छोटा प्रोग्रॅम. तिसरा थर ब्लूझेड. हा २००१ पासून लिनक्सचा अधिकृत ब्लूटूथ संच आहे आणि उपकरण शोधणं, जोडी लावणं, लक्षात ठेवणं हे काम तो करतो. चौथा थर आवाजाचा: जुन्या आवृत्त्यांत पल्सऑडिओ, नव्यांत पाइपवायर आणि त्याचा मुकादम वायरप्लंबर.

बहुतेक लोकांची फसगत इथेच होते. हेडफोन "पेअर्ड" दिसतो म्हणजे तिसऱ्या थरापर्यंत सगळं ठीक आहे, एवढंच कळतं. आवाज येतो चौथ्या थरातून. त्यामुळे जोडी पुन्हा पुन्हा तोडून लावत बसण्यापेक्षा गाडी कोणत्या थरात अडली आहे हे आधी बघावं.

तुमच्याकडे चौथ्या थरात काय आहे ते कळण्यासाठी टर्मिनलमध्ये "पीएसीटीएल इन्फो" द्या. उत्तरात सर्व्हर नेमच्या ओळीत "ऑन पाइपवायर" असं आलं तर पाइपवायर, नुसतं पल्सऑडिओ आलं तर पल्सऑडिओ. फेडोरा ३४ पासून (एप्रिल २०२१), उबंटू २२.१० पासून आणि लिनक्स मिंट २२ पासून पाइपवायर आपोआप मिळतं. उबंटू २२.०४ आणि मिंट २१ मध्ये पल्सऑडिओ असतं. आमचं स्पष्ट मत: मशीन झेपत असेल तर पाइपवायर असलेली आवृत्तीच टाका. खाली दिलेल्यातल्या निम्म्या तक्रारी तिथे उद्भवतच नाहीत. टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून हेडफोन जोडून बघता येतो, दहा मिनिटांचं काम आहे, आणि लॅपटॉपमधल्या फाइलींना धक्काही लागत नाही.

अडॅप्टरच दिसत नाही

सेटिंग्जमध्ये ब्लूटूथचं बटण सुरूच होत नसेल तर पहिली कमांड "आरएफकिल लिस्ट". त्यात ब्लूटूथसमोर सॉफ्ट ब्लॉक्ड यस असेल तर "सुडो आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ" द्या. हार्ड ब्लॉक्ड यस असेल तर लॅपटॉपच्या कडेला असलेलं बारीक बटण किंवा विमानाचं चित्र असलेली की दाबली गेलेली आहे. कमांडने ते सुटत नाही.

यादीत ब्लूटूथ नावच नसेल तर फर्मवेअरचा संशय घ्या. "सुडो डीएमईएसजी" चालवून ब्लूटूथच्या ओळी शोधा. "फेल्ड टू लोड" आणि त्यापुढे एखाद्या फाइलचं नाव दिसलं की निदान झालं. उबंटू-मिंटमध्ये लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज अपडेट केलं की बहुधा भागतं. डेबियनमध्ये फर्मवेअर-रिअलटेक किंवा फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय वेगळं टाकावं लागू शकतं. डेबियन १२ पासून हे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येतं, त्याआधी ते हाताने जोडावं लागायचं.

जोडी लागते, पण कनेक्ट होत नाही

हेडफोन यादीत आहे, क्लिक केलं की दोन सेकंद फिरतं आणि सुटतं. इथे तीन कारणं शक्य आहेत.

पहिलं कारण तांत्रिक नाही. हेडफोन आधीच कुणाच्या तरी फोनला जोडलेला असतो. हेडफोन सुरू झाला की तो शेवटच्या ओळखीच्या उपकरणाला शोधतो, आणि आतल्या खोलीत ताईच्या फोनचं ब्लूटूथ चालू असेल तर तो तिकडे जाऊन बसतो. लॅपटॉप बिचारा वाट बघत राहतो. घरातल्या सगळ्या फोनचं ब्लूटूथ बंद करून मगच पुढचे उपाय करा.

दुसरं, जुनी अर्धवट जोडी. सेटिंग्जमधून हेडफोन काढून टाका, हेडफोनचं बटण धरून ठेवून तो पेअरिंगला लावा (दिवा दोन रंगांत लुकलुकतो), आणि यावेळी टर्मिनलमधून जोडा. "ब्लूटूथसीटीएल" दिलं की त्याची स्वतःची ओळ येते. तिथे "स्कॅन ऑन" द्या. हेडफोनचं नाव आणि त्याआधी दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांचा पत्ता दिसेल. मग "पेअर" आणि तो पत्ता, "ट्रस्ट" आणि पत्ता, "कनेक्ट" आणि पत्ता, याच क्रमाने. पत्ता पूर्ण टाइप करायची गरज नाही, पहिली दोन अक्षरं देऊन टॅब दाबा. "ट्रस्ट" विसरू नका. ते दिलं नाही तर पुढच्या वेळी हेडफोन आपणहून जोडणी मागतो तेव्हा लिनक्स ती नाकारू शकतं. दोन वेगळ्या बुड्या असलेले इअरबड कधीकधी यादीत दोनदा दिसतात, त्यातल्या हेडफोनचं चित्र असलेल्या नोंदीला जोडा.

तिसरं कारण चौथ्या थरातलं आहे, आणि ते ओळखण्याची खूण पक्की आहे. "कनेक्ट" दिल्यावर "बीआर-कनेक्शन-प्रोफाइल-अनअव्हेलेबल" असं उत्तर आलं, किंवा जुन्या आवृत्तीत "प्रोटोकॉल नॉट अव्हेलेबल" आलं, तर ब्लूझेडला आवाज घेणारं कुणी भेटलेलं नाही. म्हणजे आवाजाच्या थराचा ब्लूटूथ-भाग बसवलेलाच नाही. पल्सऑडिओ असेल तर "पल्सऑडिओ-मॉड्यूल-ब्लूटूथ" हे पॅकेज टाका. डेबियन किंवा उबंटूवर पाइपवायर असेल तर "लिबस्पा-०.२-ब्लूटूथ". हलक्यात हलकं लिनक्स हवं म्हणून किमान पॅकेजं घेऊन बसवलेल्या मशीनवर हे हमखास राहून जातं. पॅकेज टाकल्यावर लॉगआउट करून पुन्हा या.

माइक सुरू केला की आवाज डबड्यातून आल्यासारखा

गाणी झकास वाजत होती. मीटिंग सुरू झाली आणि शिक्षकांचा आवाज एकदम जुन्या लँडलाइनसारखा झाला. हेडफोन बिघडला नाही, लिनक्सही बिघडलं नाही. क्लासिक ब्लूटूथची रचनाच अशी आहे.

ब्लूटूथ हेडफोनला दोन चेहरे असतात. एक ए-टू-डीपी: स्टिरिओ, चांगला आवाज, पण फक्त एकाच दिशेने, लॅपटॉपकडून कानाकडे. दुसरा एचएफपी किंवा एचएसपी: दोन्ही दिशांनी आवाज, पण मोनो आणि पातळ. दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. हेडफोनचा माइक कुठल्याही ॲपने मागितला की दुसरा चेहरा लागतो आणि ऐकू येणारा आवाजही खालावतो.

किती खालावतो, हे कोडेकवर आहे. एचएफपीमध्ये जुना कोडेक सीव्हीएसडी सेकंदाला ८,००० नमुने घेतो, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच जात नाही. एमएसबीसी हा त्यापेक्षा चांगला कोडेक १६,००० नमुने घेतो. फरक कानाला लगेच कळतो, कारण स, श, च या अक्षरांची धार ४,००० हर्ट्झच्या वरच असते. सीव्हीएसडीमध्ये "सात" आणि "हात" ऐकताना गोंधळ होतो. पल्सऑडिओमध्ये एमएसबीसी आवृत्ती १५ पासून आलं (जुलै २०२१). पाइपवायरमध्ये ते आहेच.

आता उपाय. "पीएव्हीयू-कंट्रोल" हे छोटं ॲप टाका (पॅकेजच्या नावात मधली रेघ नाही, सगळं एका शब्दात). त्याच्या शेवटच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये हेडफोनचे सगळे प्रोफाइल दिसतात, कोडेकच्या नावासकट. मीटिंगसाठी दोन पर्याय आहेत.

एक, हेडफोन ए-टू-डीपीवरच ठेवायचा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा निवडायचा. मीटिंगच्या ॲपमध्येही माइकच्या जागी "बिल्ट-इन" निवडा, "डीफॉल्ट" नको. ऐकू उत्तम येतं, आणि शांत खोलीत समोरच्यालाही तुमचा आवाज चांगला जातो. बहुतेकांनी हेच करावं.

पण पत्र्याच्या छपराखाली बसला असाल आणि वर डहाणूचा जुलैचा पाऊस कोसळत असेल, तर लॅपटॉपचा माइक तो ताशा आधी पकडतो आणि तुम्हाला नंतर. तेव्हा दुसरा पर्याय: तोंडाजवळचा हेडफोनचा माइक घ्या आणि प्रोफाइल एमएसबीसीचं आहे ना ते बघा. यादीत फक्त सीव्हीएसडी दिसत असेल तर हेडफोन किंवा अडॅप्टर जुना आहे, तिथे सेटिंग बदलून काही होणार नाही.

एक त्रास उरतो. पाइपवायर असताना कधीकधी वायरप्लंबर परस्पर ठरवतं की आता कॉल सुरू झाला, आणि हेडफोनला दुसऱ्या चेहऱ्यावर नेतं. वायरप्लंबर ०.५ पासून हे बंद करायला एक ओळ पुरते: "डब्ल्यूपीसीटीएल सेटिंग्ज डॅश-डॅश-सेव्ह ब्लूटूथ.ऑटोस्विच-टू-हेडसेट-प्रोफाइल फॉल्स". उबंटू २४.०४ आणि मिंट २२ मध्ये मात्र जुनं ०.४ आहे, तिथे ही कमांड चालत नाही. कॉल सुरू झाल्यावर पीएव्हीयू-कंट्रोलमध्ये जाऊन हाताने ए-टू-डीपी निवडायचं, हा सोपा मार्ग.

आणि मुलाखत असेल तर? त्या दिवशी शंभर-दीडशे रुपयांचे वायरवाले इअरफोन लावा. दोन-तीन महिन्यांच्या तयारीचा फैसला ब्लूटूथच्या लहरीवर कशाला सोपवायचा. हेडफोन कितीही नीट बसवलेला असला तरी आमचा सल्ला हाच राहील.

आवाज तुटतो, अडखळतो

ही सर्वात जास्त येणारी तक्रार, आणि इथे बऱ्याचदा दोष लिनक्सचा नसून हवेतल्या गर्दीचा असतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्या पट्ट्याचे ७९ तुकडे करून ते सेकंदाला १,६०० वेळा एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उडी मारतं, म्हणजे एखाद्या तुकड्यावर गोंगाट असला तरी पुढच्या उडीत सुटका होते. अडचण अशी की वाय-फायही याच पट्ट्यात असतं, आणि जुन्या लॅपटॉपात दोघंही एकाच कार्डावर, अनेकदा एकाच अँटेनावर असतात.

आपल्या भागात ही गर्दी बहुतेकदा खिशातूनच येते. घरात फायबरची लाइन नसेल तर इंटरनेट येतं फोनच्या हॉटस्पॉटवरून. हॉटस्पॉट २.४ वर, फोन लॅपटॉपला टेकून ठेवलेला, त्यावर लेक्चरचा व्हिडिओ उतरतोय आणि त्याच कार्डावरून हेडफोनला आवाज जातोय. तुटणार नाही तर काय होईल?

सोपा आणि खात्रीचा उपाय म्हणजे यूएसबी टेदरिंग. फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावा, फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्स वेगळा ड्रायव्हर न मागता त्याला वायर्ड कनेक्शन समजून घेतं. मग लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, आता कार्ड पूर्णपणे हेडफोनच्या सेवेला मोकळं. फोन चार्ज होतो तो वेगळा फायदा. केबल मात्र डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलीने हे होत नाही. दुसरा उपाय हॉटस्पॉटचा बँड ५ गिगाहर्ट्झ करणं, पण बऱ्याच जुन्या लॅपटॉपांच्या वाय-फायला ५ दिसतच नाही, त्यामुळे आधी तपासा.

तलासरीच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर फोनला रेंज मिळावी म्हणून तो खिडकीत किंवा बाहेर ओट्यावर ठेवावा लागतो. तिथे केबल पुरत नाही. अशा वेळी फोन बाहेर, हॉटस्पॉट २.४ वर आणि हेडफोन लॅपटॉपच्या अगदी जवळ, एवढंच हाती राहतं. अंतर कमी असलं की ब्लूटूथ बरीच गर्दी सोसतं.

यूएसबी ३ चाही उपद्रव आहे, तो कुणाला पटत नाही. इंटेलने २०१२ मध्येच एका तांत्रिक टिपणात दाखवलं होतं की यूएसबी ३ ची उपकरणं आणि केबली २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट सोडतात. निळ्या पोर्टात हार्ड डिस्क आणि शेजारच्या पोर्टात ब्लूटूथ डोंगल, ही मांडणी वाईट. डोंगल दुसऱ्या बाजूच्या काळ्या पोर्टात लावा, किंवा अर्धा-एक मीटरच्या एक्स्टेन्शन केबलवर काढा. खर्च थोडा आणि परिणाम मोठा. शिवाय माणसाचं शरीर पाण्याचं आहे आणि पाणी हा पट्टा शोषतं: लॅपटॉप डावीकडे आणि हेडफोनची मुख्य बुडी उजव्या कानात, म्हणजे मधे तुमचं डोकं.

हे सगळं करूनही आवाज ठरावीक अंतराने, किंवा काही सेकंद शांतता गेल्यानंतर तुटत असेल, तर वीज वाचवण्याचे प्रयत्न नडत असतील. वीज वारंवार जाते म्हणून बॅटरी टिकवायला बरेच जण टीएलपी टाकतात, आणि ते चांगलंच आहे. पण टीएलपी यूएसबी उपकरणांना झोपवतं, आणि लॅपटॉपातला ब्लूटूथही आतून यूएसबीवरच बसलेला असतो. ईटीसी फोल्डरमधल्या टीएलपी डॉट कॉन्फ या फाइलीत "यूएसबी अंडरस्कोर एक्स्क्लूड अंडरस्कोर बीटीयूएसबी" ही ओळ शोधा (ही तेवढी मोठ्या अक्षरांत असते), तिच्यापुढची खूण काढून किंमत १ करा. टीएलपी नसतानाही कर्नल स्वतः हे करू शकतो. त्यासाठी ईटीसीमधल्या मॉडप्रोब डॉट डी या फोल्डरात बीटीयूएसबी डॉट कॉन्फ नावाची फाइल करून तिच्यात एकच ओळ: "ऑप्शन्स बीटीयूएसबी एनेबल अंडरस्कोर ऑटोसस्पेंड=एन". मग रीस्टार्ट. बॅटरी थोडी लवकर उतरेल.

कोडेकबद्दल थोडक्यात. एलडॅक हा कोडेक ९९० किलोबिटपर्यंत जातो, नेहमीचा एसबीसी साधारण ३२८ किलोबिटपर्यंत. मोठा आकडा बघून लोक एलडॅक निवडतात आणि मग आवाज तुटतो म्हणतात. गर्दीच्या हवेत जितका कमी डेटा तितकं बरं. लेक्चर ऐकायला एसबीसी पुरेसा आहे.

ब्लूटूथ माइकवर रेकॉर्डिंग करू नका

हा भाग वेगळा काढण्याचं कारण आहे. डहाणू-तलासरीत घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या वारली गोष्टी, लग्नातली धवलेरीची गाणी, तारपा, हे सगळं रेकॉर्ड करून ठेवावं असं आता तरुण मुलांच्या मनात येतं. वारली बोलीत लिहिलेलं फार थोडं आहे, जे आहे ते आवाजात. मुलं लॅपटॉप नेतात, ऑडॅसिटी उघडतात, आणि माइक म्हणून गळ्यातला ब्लूटूथ हेडसेट लावतात.

वर सांगितलेलं गणित इथे महागात पडतं. रेकॉर्डिंग सुरू झालं की हेडसेट एचएफपीवर जातो. ऑडॅसिटी फाइल ४४,१०० नमुन्यांची बनवते, पडद्यावर आकडा छान दिसतो, पण आत आलेला आवाज ८,००० किंवा १६,००० नमुन्यांचाच असतो. जे आलंच नाही ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही. आजी आज सांगते तसं पुढच्या वर्षी सांगेलच असं नाही.

तारप्याचं तर आणखी वाईट होतं. वाळवलेला दुधी, बांबू आणि ताडाची पानं यांपासून बनलेलं हे वाद्य अखंड वाजत राहतं. हेडसेटमधली गोंगाट कमी करणारी यंत्रणा माणसाचं बोलणं राखण्यासाठी बनवलेली असते, आणि एकसारखा चालू राहणारा आवाज तिला पंख्यासारखा वाटतो. ती तो दाबायला बघते. रेकॉर्डिंगमध्ये तारपा येतो आणि जातो, मधे मधे बुडतो.

म्हणून रेकॉर्डिंगला फोनचा स्वतःचा माइक घ्या, रेकॉर्डर ॲपमध्ये उच्च दर्जा किंवा डब्ल्यूएव्ही निवडा, आणि फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. लॅपटॉपच वापरायचा असेल तर यूएसबी माइक किंवा वायरचा कॉलर माइक. ब्लूटूथ हेडफोन नंतर ऐकण्यासाठी, तेव्हा तो ए-टू-डीपीवर असतो आणि सगळं ऐकू येतं.

आधी झालेलं रेकॉर्डिंग तपासायचं असेल तर ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम दृश्य लावा. ४,००० किंवा ८,००० हर्ट्झला सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ आणि तिच्यावर काळोख दिसला, तर तो ब्लूटूथचाच माइक होता. माणूस हयात असेल तर पुन्हा जा.

झाकण उघडल्यावर हेडफोन हरवतो

लॅपटॉप झोपेतून उठला की ब्लूटूथ कधीकधी अर्धवट जागा होतो. "सुडो सिस्टमसीटीएल रिस्टार्ट ब्लूटूथ" द्या. जोडणी दिसते पण आवाज येत नसेल तर आवाजाचा थर उठवा: "सिस्टमसीटीएल डॅश-डॅश-यूजर रिस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स". या दुसऱ्या कमांडला सुडो लावायचं नाही, लावलं तर ती चालणार नाही.

मशीन सुरू केल्यावर दर वेळी ब्लूटूथ हाताने चालू करावं लागत असेल, तर ईटीसीमधल्या ब्लूटूथ फोल्डरात मेन डॉट कॉन्फ आहे, त्यात "ऑटोएनेबल" ट्रू करा. नव्या ब्लूझेडमध्ये हे आपोआप असतं.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स

दोन्ही ठेवले असतील तर हेडफोन आळीपाळीने रुसतो. जोडी लागताना दोन्ही बाजू एक गुप्त किल्ली ठरवतात. हेडफोनच्या दृष्टीने विंडोज आणि लिनक्स एकच लॅपटॉप, कारण अडॅप्टरचा पत्ता तोच. विंडोजमध्ये जोडलं की नवी किल्ली, लिनक्सकडची जुनी निकामी. पुन्हा लिनक्समध्ये जोडलं की उलट.

विंडोजच्या रजिस्ट्रीतून किल्ली काढून लिनक्सच्या फाइलीत लिहिता येते. ज्याला रजिस्ट्री म्हणजे काय हे माहीत आहे त्याने जरूर करावं. बाकीच्यांनी एक यूएसबी डोंगल घेऊन तो फक्त लिनक्ससाठी ठेवावा. अडॅप्टर वेगळा, पत्ता वेगळा, भांडण संपलं. त्यासाठी हेडफोन मात्र दोन्ही जोड्या लक्षात ठेवणारा हवा, बहुतेक ठेवतात.

चित्र पुढे, आवाज मागे

ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतोच. ब्राउझर बहुतेकदा स्वतः जुळवून घेतो. व्हीएलसीमध्ये व्हिडिओ चालू असताना इंग्रजी जे आणि के या की दाबून आवाज मागेपुढे सरकवता येतो, प्रत्येक दाबाला ५० मिलिसेकंद. ओठ जुळेपर्यंत दाबा. गेमसाठी मात्र याला इलाज नाही, तिथे वायरच.

डोंगल घेताना

जुन्या लॅपटॉपात ब्लूटूथ नसेलच किंवा फारच दुबळा असेल तर डोंगल लागतो. डब्यावरचा "ब्लूटूथ ५.३" हा आकडा बघून घेऊ नका, आत कुठली चिप आहे ते बघा. दोन प्रकार जास्त भेटतात. सीएसआर ८५१० ही जुनी चिप, खरी असेल तर लिनक्सवर काहीही न करता चालते. पण तिच्या नकला बाजारात भरपूर आहेत. कर्नलमध्ये अशा नकलांसाठी वेगळी सोय करावी लागली आहे, तरी काही हटवादी निघतात. रिअलटेकची ८७६१ बी ही दुसरी, टीपी-लिंकच्या यूबी ५०० मध्ये हीच असते. तिला फर्मवेअर आणि बऱ्यापैकी नवा कर्नल लागतो, पण ते असलं की ती चांगली चालते. दोन्हींत आम्ही ही दुसरी निवडू.

दुकानातून घेत असाल, डहाणू रोडला असो की वापीला, तर लॅपटॉप सोबत न्या आणि तिथेच लावून बघा. "एलएसयूएसबी" दिलं की चिपचं नाव दिसतं. केंब्रिज सिलिकॉन रेडिओ असं नाव आलं आणि किंमत दीडशेच्या आत असेल, तर नक्कल समजून चाला. हेडफोन जोडून दहा मिनिटं गाणं वाजवा, मधे एकदा माइकचं प्रोफाइलही लावून बघा. ऑनलाइन मागवत असाल तर "विंडोज ओन्ली, ड्रायव्हर सीडीसह" असं लिहिलेला डोंगल टाळा, आणि परत करायची मुदत किती दिवस आहे ते आधी वाचा.